साठी, बुद्धी आणि एक जुने पुस्तक

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाई होती की बुवा, हे कळायला मार्ग नाही. आमच्या घरात मात्र ती बायकांनाच, आणि साठीच्या पुष्कळ आधी, ऐकवली जाई. आबिडसच्या रविवारच्या पुस्तकबाजारात मिळालेले डॉ. रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' (१९६६) वाचताना तिची आठवण झाली.

रजोनिवृत्ती हा निसर्गक्रम नसून इस्ट्रोजेनच्या अभावाचा आजार आहे आणि तो गोळीने दूर ठेवावा, हे विल्सन यांचे प्रतिपादन. शैली वकिली, ओघवती. परंतु बाई म्हणजे दुरुस्तीला आलेले यंत्र, हा सूर फार खटकतो. लेखकाच्या प्रतिष्ठानाला औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, हे कळल्यावर त्या सुराचे नवल वाटत नाही.

या दाव्याची खरी कसोटी लागायला छत्तीस वर्षे जावी लागली. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली संयुक्त संप्रेरकांची चाचणी २००२ मध्ये थांबवली गेली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात यांचा धोका वाढलेला आढळला. पुढच्याच वर्षी कळले, की पासष्टीपुढील स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट झाले होते. गोळीचे भय पसरले. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे त्या गदारोळात हरवले. रजोनिवृत्तीनंतर लवकर सुरू केलेल्या उपचाराने पुढच्या एका चाचणीत स्मरणशक्ती ना वाढली, ना घटली. अंगाची लाही, झोपमोड, हाडांची झीज यांवर तो उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ठळक इशाऱ्यांपैकी बहुतेक काढण्याचे जाहीर केले, तरी बुद्धी राखण्यासाठी गोळी घ्यावी, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आणि तो विसराळूपणा? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की संक्रमणाच्या काळात नवे शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी कायमची थांबल्यावर पूर्ववत होतो. एकोणपन्नासाव्या वर्षी फाइल हातात घेऊन साहेबांच्या दारात पोचेतो मी विषय विसरत असे. हे तेव्हाच कोणी सांगितले असते, तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून फाडण्याची पाळी आली नसती.

विल्सन यांची वाचक गोळी विकत घेऊ शकणारी बाई आहे. आपल्याकडचे दुखणे निराळे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात ३.२ टक्के, तर तेलंगणात ७.७ आणि आंध्रात ८.९ होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पाहणीत २०१९ मध्ये ८२,३०९ पैकी १३,८६१ जणी अशा आढळल्या. कुकटपल्लीत आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या महबूबनगरच्या बाईचेही पस्तिशीतच काढलेले आहे. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही गेले, की रजोनिवृत्ती एका दिवसात येते. कर्करोगासारखी अडचण नसेल, तर अशा स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्यांना गोळीची खरी गरज, त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे दोन्ही अवयव छत्तिसाव्या वर्षी काढले. तक्रार होती अंगावरून पांढरे जाण्याची. घरी पाठवताना हातात कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, संप्रेरकांचा शब्द कोणी काढला नाही. हल्ली फोनवर ती एकच हकिगत दोनदा सांगते. शस्त्रक्रियेमुळेच असे घडले, असे मी म्हणू शकत नाही. तिच्या घरचे मात्र हसत ती म्हण म्हणतात. तिला साठी लागायला अजून दोन वर्षे आहेत.