पडलेली चिमणी आणि डोंगरातले पक्षी

डॉ. सलीम अली यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातून ‘हॅम्लेट’ची आठवण होते आणि त्यामागे उभा असतो मत्तयकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. त्या अध्यायातील चिमण्या बाजारात विकल्या जात त्या खाण्यासाठी, हे आपण सहसा विसरतो.

सलीम अलींची चिमणीही ताटाच्याच वाटेवर होती. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही खाणे धर्माला चालेल का, अशी मुलाला शंका आली. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडले. शंकेपाशी हात थांबला आणि तेथून पाहणे सुरू झाले. आमच्या मते संपूर्ण ग्रंथाचा पाया या एका प्रसंगात आहे.

पुढेही नमुने जमविण्यासाठी लेखकाने बंदूक वापरली व ते त्याने लपविले नाही. हा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो. तरीही बंदुकीची मर्यादा डोंगरात स्पष्ट होते. १९४५ साली ते कैलास-मानसरोवराला गेले, तेही पक्ष्यांसाठी. त्या प्रवासावरील आपल्या लेखाला त्यांनी तीर्थयात्राच म्हटले आहे. हिमालयातील कितीतरी पक्षी थंडी पडताच उतारावरून खाली येतात आणि उन्हाळ्यात विणीसाठी पुन्हा वर चढतात. निळ्या डोक्याचा कस्तुर तर तेथे वीण करून हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या रानात येतो. मारलेला पक्षी एका दिवसाचे एक ठिकाण सांगतो. त्याची ये-जा सांगत नाही. त्यासाठी तारीख, जागा व उंची टिपणारी वही हवी आणि पायात कडे घालून जिवंत सोडलेला पक्षी हवा. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले, त्यात सलीम अली अग्रभागी होते.

ग्रंथात एक उणीव मात्र जाणवते. शीर्षकामुळे ज्या चिंतनाची अपेक्षा निर्माण होते, तेथपर्यंत लेखक जात नाही. चिमणीच्या पडण्याचा अर्थ काय, हा प्रश्न तो वाचकावरच सोपवितो. भाविक वाचकाला हे रुक्ष वाटेल. परंतु न पाहिलेले सांगायचे नाही, हीच ज्याची आयुष्यभराची शिस्त, त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावे?

पित्याच्या नजरेतून एकही चिमणी सुटत नाही, असे आपण देवळात ऐकतो. आपल्या नजरेतून किती सुटतात, याचा हिशेब या ग्रंथाने आमच्यापुढे मांडला. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाच्या हाती गलोल दिसली, तर ती हिसकावून घेण्याआधी त्याला विचारावे : बाळा, हा पक्षी कोणता, आणि पावसाळ्यात तो कुठे असतो?