बियाणे आणि गाणे

‘बासमती ब्लूज’ या शीर्षकातील दोन्ही शब्द शेतातून आलेले आहेत. बासमती हा हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात पिकणारा सुवासिक तांदूळ. ‘ब्लूज’ हे अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांत राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून उगवलेले गाणे. दोहोंमागे भूमी कसणाऱ्यांचा इतिहास उभा आहे. डॅन बॅरन यांनी दिग्दर्शित केलेला आणि २०१८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा संगीतपट त्या इतिहासाला कितपत जागतो, हाच त्याच्या परीक्षणातील मुख्य प्रश्न होय.

कथानक साधे आहे. लिंडा ही तरुण शास्त्रज्ञ (ब्री लार्सन) जनुकांत बदल करून सिद्ध केलेल्या भाताचा प्रसार करण्यासाठी आपल्या कंपनीच्या वतीने भारतात येते. आपल्या हातून शेतकऱ्यांचे कल्याण होत आहे, असा तिचा प्रामाणिक समज असतो. त्याच शेतकऱ्यांचा यात नाश आहे हे तिला उशिरा उमगते, आणि मग ती त्यांच्या बाजूने उभी राहते. २०१७ च्या नोव्हेंबरात चित्रपटाची झलक प्रसिद्ध होताच ‘गोऱ्या तारणहारा’ची ही आणखी एक कथा म्हणून टीकेची झोड उठली व निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. झलकेवरून संपूर्ण कृतीचा निवाडा करू नये, हे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते; कारण चित्रपटातील उपहासाचा रोख कंपनीवरच आहे. तथापि सद्हेतू हे कलाकृतीचे समर्थन होऊ शकत नाही.

दोष आहे तो दृष्टिकोनाचा. अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणारा प्रवास येथे एकट्या नायिकेचा आहे. शेतकरी हे केवळ त्या वाटेवरचे मुक्काम. राजित हा कृषिविद्येचा जाणकार तरुण तिला विरोध करतो खरा, पण तो विरोध लवकरच प्रणयाच्या सोयीचा होऊन बसतो. वस्तुतः बियाण्याचा प्रश्न भारतीयांना कोणी बाहेरून येऊन शिकविलेला नाही. १९९७ साली एका अमेरिकी कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळाले. भारताने त्यास आव्हान दिले आणि २००१ पर्यंत त्यातील बहुतेक दावे गळून पडले. त्याच वर्षीच्या कायद्याने आपल्या पिकातील बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. एवढे नाट्य हाताशी असता चित्रपटाने प्रेमत्रिकोण पसंत केला!

संगीतपट म्हटला की वास्तवाशी फारकत आलीच, असा बचाव कोणी करील. परंतु बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्येही (१९५३) शेतकरी गातात. सलील चौधरींच्या संगीतातील तो पावसाचा उत्सव अवर्षण भोगलेल्या गावाचा आहे. म्हणूनच पुढे जमीन हातची जाऊ लागते तेव्हा त्या आनंदाची किंमत प्रेक्षकाला कळते. तेथे गाणे कथेच्या मातीत रुजलेले आहे. ‘बासमती ब्लूज’मधील गाणी मात्र तयार रोपांसारखी वरून लावलेली वाटतात, रंग पुष्कळ, मूळ नाही.

परभाषेतले शब्द उचलणे म्हणजे भाषांतर नव्हे. त्या शब्दांमागचे जीवन सोसावे लागते. या चित्रपटाने दोन समाजांचे दोन शब्द उचलले आणि दोहोंचेही ऋण तसेच ठेवले.