‘त्रास आहे का?’ हा प्रश्न फसतो कसा

प्रश्नावली बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा असा एक पेपर आज घेऊया. विषय कुत्र्यांचा आहे, पण तुमचा विषय दुसरा असला तरी सोडू नका.

पॅकर, हेंड्रिक्स आणि बर्न यांचा हा अभ्यास 2012 साली ‘अ‍ॅनिमल वेल्फेअर’ या जर्नलमध्ये आला. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या रुग्णालयात वेगवेगळ्या कारणांनी कुत्रे घेऊन आलेल्या 285 मालकांची त्यांनी पाहणी केली. त्यातल्या 31 कुत्र्यांना ‘बोआस’ होता. म्हणजे पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत आढळणारा श्वसनमार्गाचा अडथळा. पैदाशीत कवटी आखूड होत गेली, पण आतला मऊ भाग त्या मानाने आखूड झाला नाही. म्हणून नाकपुड्या चिंचोळ्या, टाळू लांब, आणि सतत घरघर.

आता निष्कर्ष बघा. या आजारी कुत्र्यांच्या 58 टक्के मालकांनी ‘आमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास नाही’ असं सांगितलं. आणि याच मालकांनी धाप, अडखळता श्वास ही लक्षणं वारंवार होतात, असंही नोंदवलं होतं! अभ्यासाची खरी ताकद इथे आहे. एकाच माणसाला लक्षणंही विचारली आणि ‘त्रास’ हा शब्दही विचारला. फक्त दुसरा प्रश्न असता तर निम्म्याहून जास्त आजारी कुत्रे कागदावर ठणठणीत ठरले असते.

पण हा आकडा उचलून थेट आपल्या प्रस्तावनेत टाकू नका. 31 पैकी 58 टक्के म्हणजे फक्त 18 जण. विश्वास-अंतराल काढलात तर साधारण 41 ते 74 टक्के येतो. ‘निम्म्याहून जास्त मालकांना कळत नाही’ हे वाक्य बेधडक लिहिलेलं दिसतं. एवढ्या नमुन्यावर ते टिकत नाही. शिवाय हे मालक तज्ज्ञांकडे पाठवलेले, खर्च करायला तयार असलेले. इतरत्र प्रमाण याहून जास्तच असेल असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज, पुरावा नाही.

आता हेच पापडीत करायचंय असं समजा. 2003 च्या हचच्या जाहिरातीमुळे पग आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झाला, त्यामुळे मालक सापडतील. पण ‘श्वासाचा त्रास आहे का?’ विचाराल तर उत्तर येईल, ‘छे हो, पग आहे ना, घोरणारच.’ त्याऐवजी जिना चढल्यावर किती वेळ धापा टाकतो, बसल्या बसल्या झोपतो का, खाताना थांबावं लागतं का, हे विचारा. घरात वाडवळी किंवा कादोडी बोलत असतील तर धापेला ते काय म्हणतात तेही आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण हवेची. कुत्रा धापा टाकून तोंडातला, श्वासमार्गातला ओलावा उडवतो आणि गार होतो. वसईच्या दमट हवेत ओलावा नीट उडत नाही. मग तो जास्त धापतो, अरुंद मार्ग आणखी सुजतो. मे महिन्यात निरोगी गावठी कुत्राही धापतोच, त्यामुळे नुसती ‘धाप’ मोजून काहीच कळणार नाही. तुलनेला लांब नाकाचे कुत्रे त्याच दिवशी, त्याच वेळी हवेत.

केंब्रिजच्या पद्धतीत कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि आधी-नंतर स्टेथोस्कोपने ऐकतात. जमलं तर पशुवैद्यक सोबत घेऊन हे करा, पण पहाटेच. दुपारी पळवलंत तर उष्माघाताने कुत्रा जाऊ शकतो. आणि तापमान-आर्द्रतेचे रकाने फॉर्मवर पहिल्या दिवसापासून ठेवा.