राष्ट्राचें घर कोणाचें?

संग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कांचेचीं कपाटें, राजेरजवाड्यांचीं शस्त्रें आणि भग्न मूर्ति उभ्या राहतात. नॉर्वेच्या राजधानींत, ऑस्लो शहराच्या बिग्डॉय द्वीपकल्पावर, जें राष्ट्रीय सांस्कृतिक इतिहासाचें संग्रहालय आहे, तेथील मुख्य ठेवा मात्र घरें हा आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुटीं करून आणलेलीं व पुन्हां जोडलेलीं सुमारें १६० घरें, कोठारें व गोठे तेथें उघड्यावर मांडलेले आहेत. ग्रंथाचें परीक्षण करतांना त्यांत काय लिहिलें आहे याबरोबरच काय गाळलें आहे हेंहि पाहावें लागतें. तोच न्याय या संग्रहासहि लावला पाहिजे.

हान्स ओल या ग्रंथपालानें १८९४ सालीं ही संस्था स्थापिली. तो काळ लक्षांत घेतल्यावांचून तिचें मर्म कळणार नाहीं. नॉर्वे शतकानुशतकें डेन्मार्कच्या अंमलाखालीं होता, १८१४ नंतर स्वीडनच्या राजमुकुटाशीं जोडला गेला, आणि त्या जोडीतून तो १९०५ सालीं मुक्त झाला. 'आपण कोण?' हा प्रश्न अशा राष्ट्रास पडावा हें स्वाभाविकच होतें. शहरांतील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यावर डॅनिश वळणाची छाप होती. म्हणून या प्रश्नाचें उत्तर डोंगरखोऱ्यांतील शेतकऱ्याच्या घरीं शोधलें जाऊं लागलें.

या शोधाची थोरवी आणि मर्यादा गोल गांवच्या लांकडी चर्चमध्यें एकत्र दिसतात. सुमारें १२०० सालचें हें चर्च, गांवानें नवें बांधल्यामुळें, पाडलें जाणार होतें. पुराणवस्तूंच्या रक्षणासाठीं झटणाऱ्या मंडळानें तें सोडवून घेतलें आणि स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर यानें स्वतःच्या खर्चानें १८८४-८५ सालीं तें बिग्डॉयला उभारविलें. पुढें १९०७ सालीं राजाचा हा संग्रह या संग्रहालयांत विलीन झाला. ज्या राजाचें आधिपत्य राष्ट्रानें दोनच वर्षांपूर्वीं झुगारून दिलें होतें, त्यानेंच राष्ट्राचा हा अलंकार जतन केला होता! परंतु आज उभ्या असलेल्या चर्चमधील जुनें लांकूड सुमारें एकतृतीयांशच आहे. बाहेरील रूप बोर्गुंड येथील चर्चवरून कल्पिलेलें आहे. यास आम्ही लबाडी म्हणणार नाहीं. मात्र भूतकाळ आपल्याला जसा हवा असतो तसा आपण तो पुरा करून घेतों, याची ही साक्ष खचित आहे.

दुसरी उणीव माध्यमाचीच आहे. येथील जुन्या घरांत चुलीवर लेफ्से नांवाची पातळ पोळी भाजून दाखवितात. प्रेक्षकांस तिचा वास येतो, चवहि मिळते. पण ज्या वर्षीं घरांत पीठच नव्हतें त्या वर्षाची भूक कशी दाखवावी? नीटनेटक्या खोलींत कर्ज, भांडण आणि आजारीपण दिसत नाहीं. म्हणून जुना काळ होता त्याहून सुखाचा भासतो.

असें असूनहि हा संग्रह आम्हांस आदरणीय वाटतो, तो त्यानें स्वतःची व्याख्या पुन्हां पुन्हां तपासली म्हणून. शहरांत १८६५ सालीं बांधलेली 'वेसेल्स गाते १५' ही भाड्याच्या बिऱ्हाडांची इमारत येथें आणून उभारली आहे. तिच्यांतील एक बिऱ्हाड १८७९ सालचें, म्हणजे इब्सेनच्या 'अ डॉल्स हाऊस' नाटकाच्या काळचें आहे. अनंत काणेकरांच्या 'घरकुल' या रूपांतरामुळें हें नाटक मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. नोरा जें दार लोटून गेली, त्याच्या आंतील सुखवस्तु संसार कसा दिसत असेल, याची कल्पना येथें येते. आणि त्याच इमारतींत दुसरें एक बिऱ्हाड आहे, तें २००२ सालच्या एका पाकिस्तानी कुटुंबाचें. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मजुरीसाठीं आलेल्या या लोकांचें घरहि राष्ट्राच्या घरांत गणलें गेलें.

याहून कठीण कसोटी सामी लोकांच्या वस्तूंची होती. नॉर्वेंतील या मूळच्या रहिवाशांचा संग्रह १९५१ पर्यंत विद्यापीठाच्या मानववंशसंग्रहालयांत, दूरदेशींच्या लोकांच्या वस्तूंशेजारीं ठेवलेला होता. त्या सालीं तो येथें आला, म्हणजे स्वदेशींचे लोक अखेर स्वदेशाच्या दालनांत आले. पण तेवढ्यानें न्याय पुरा झाला नाहीं. २०१२ सालीं सामी संसदेशीं करार होऊन सुमारें निम्मा संग्रह सामी लोकांच्या स्वतःच्या संग्रहालयांस परत करण्याचें ठरलें. या योजनेचें नांवच 'परतणें' या अर्थाचा सामी शब्द आहे.

संग्रह वाढविणें हेंच ज्या संस्थेचें काम, तिनें संग्रहांतील वस्तु काढून देणें सोपें नसतें. परंतु चर्च वांचविणाऱ्या पिढीइतकेंच श्रेय या वस्तु परत करणाऱ्या पिढीसहि दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.