प्रतिस्पर्ध्याचे ऋण

ब्लॉकचेनवरील लेखनात मला एक उणीव सतत जाणवते. स्पर्धेकडे लढाई म्हणूनच पाहिले जाते. कोण हरले, कोण जिंकले, एवढाच हिशेब. इथेरियमचा अनुभव वेगळा आहे.

इथेरियमचे सहसंस्थापक गॅव्हिन वुड यांनी बाहेर पडून स्वतंत्र कंपनी काढली. नेटवर्क चालवण्यासाठी मूळ संस्थेचे ‘गेथ’ हे सॉफ्टवेअर होतेच; या कंपनीने ‘पॅरिटी’ आणले. नियम तेच, पण गेथ गो भाषेत आणि पॅरिटी रस्टमध्ये लिहिलेले. सप्टेंबर २०१६मध्ये, शांघायच्या परिषदेच्या सुमारास, हल्लेखोरांनी गेथमधील दोष हेरला आणि त्यावर चालणारे अनेक संगणक बंद पडले. पॅरिटीवरचे तगले, म्हणून नेटवर्कही तगले.

तरीही दोन प्रतिस्पर्धी असले की झाले, हा निष्कर्ष मला मान्य नाही. आज व्यवहारांवर शिक्कामोर्तब करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जण एकाच सॉफ्टवेअरवर असतील, तर त्यातील चूकच अधिकृत नोंद ठरू शकते. मग बरोबर असलेला प्रतिस्पर्धीच एकटा पडतो. त्याचा उपयोग व्हायचा, तर त्याच्याकडे पुरेसे वापरकर्ते हवेत. लोकप्रिय सॉफ्टवेअर निवडणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.