तक्त्यावरचा उंदीर

अकोल्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता पाहिला: 'कमी खा, मेंदू तरुण ठेवा.' खाली दोन उंदीर, एक लठ्ठ, एक सडपातळ. स्पष्टीकरण असे की अन्न हे इंधन. इंधन कमी, तर धूर कमी. तक्ता नेटका होता आणि विधान अगदीच खोटे नाही. तरीही तो तसाच भिंतीवर राहू नये.

आधी धुराची उपमा पाहू. पेशीतील तंतुकणिका ऊर्जा मिळवताना थोडी मुक्त मूलकेही तयार करतात. ती मेद, प्रथिने, डीएनए यांचे ऑक्सिडीकरण करतात. वार्धक्याचे मूळ यात असावे, असे डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये मांडले. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजन वापरतो २० टक्के. शिवाय त्याच्या पेशीपटलांत सहज ऑक्सिडीकरण होणारे मेद भरपूर. उष्मांक कमी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत हे नुकसान कमी आढळते, हे खरे. पण अशा उंदरांत वजनाच्या प्रमाणात ऑक्सिजनचा वापर घटत नाही, असे १९८० च्या दशकातच दिसले होते. म्हणजे धुराचा सरळ हिशेब जुळत नाही. पेशींची दुरुस्ती व साफसफाई वाढते, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते.

मोठी चूक वेगळीच आहे. क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात नुकत्याच दूध तुटलेल्या उंदरांचे उष्मांक तोडले. जीवनसत्त्वे व क्षार मात्र पुरेसे दिले. उंदीर अधिक जगले, पण त्यांची वाढ खुंटली! तक्त्यावर पहिली गोष्ट आली, दुसरी गळली. माणसांवरील अमेरिकेतील दोन वर्षांच्या प्रयोगात २१८ जण होते, सगळे प्रौढ. २५ टक्के कपात ठरली होती, साधली सुमारे १२ टक्के.

अमरावतीत दिवसभर गादीवर बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना हा तक्ता जरूर दाखवावा. (उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन उष्मांक घटत नाहीत, हेही सांगावे.) पण त्याच जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा आहेत. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ च्या सुमारास राज्यभर गाजले. तिथे कमी अन्न म्हणजे प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे सगळेच कमी. आणि पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू एकट्याने शरीराच्या ऊर्जेतील ४० टक्क्यांहून अधिक वाटा घेतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने ठरवली आहेत, ती याच वयासाठी.

तक्ता फाडू नये. उंदरांचे वय, त्यांना दिलेली जीवनसत्त्वे आणि त्यांची वाढ असे तीन रकाने चित्राखाली आखून ते विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावेत.