शिकागो विद्यापीठातील प्रवेशप्रमाणाची घट : एका अपूर्णांकाची चिकित्सा

अमेरिकेतील खाजगी विद्यापीठांची प्रतिष्ठा मोजण्याची जी मापे गेल्या चार दशकांत रूढ झाली, त्यांत अर्जदारांपैकी शेकडा कितींना प्रवेश देण्यात आला हे माप सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत अधिक फसवे आहे. आकडा जितका लहान तितके विद्यापीठ मोठे, असे समीकरण पालकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि खुद्द विद्यापीठांच्या कारभाऱ्यांच्याही मनात घर करून बसले आहे. या समीकरणाची परीक्षा करावयाची तर शिकागो विद्यापीठाइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. १९९३ साली या विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयाने आपल्या अर्जदारांपैकी शेकडा ७७ जणांना प्रवेश देऊ केला होता. २००५ च्या सुमारास हे प्रमाण शेकडा ४० वर आले, २०१३ साली ते शेकडा ९ च्या खाली उतरले, आणि २०२२ साली शेकडा साडेपाचाच्या आसपास होते. या तीस वर्षांत तेथील शिक्षण चौदापट अवघड झाले किंवा अध्यापकवर्ग चौदापट विद्वान झाला, असे त्या विद्यापीठाचा कट्टर अभिमानीही म्हणणार नाही. तेव्हा बदलले ते नेमके काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

मराठी अभ्यासकांना हे विद्यापीठ अगदीच परके नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आज संगणकावर घरबसल्या चाळता येतात, ते शिकागोच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयामुळे. संशोधनाला अग्रस्थान देणारी संस्था हे तिचे रूप १८९० साली रॉकफेलर यांच्या देणगीतून झालेल्या स्थापनेपासूनच ठरलेले होते. पदवीपूर्व शिक्षणाचे स्थान मात्र तेथे नेहमीच वादग्रस्त राहिले. रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत (१९२९ ते १९५१) माध्यमिक शाळेची दोनच वर्षे पुरी केलेल्या मुलांना महाविद्यालयात घेण्याचा आणि अभिजात ग्रंथांभोवती सामान्य शिक्षण उभारण्याचा प्रयोग झाला. १९३९ साली आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलही बंद करण्यात आला. अमेरिकन तरुणाला महाविद्यालयाकडे ओढणाऱ्या गोष्टी बुद्धिपुरस्सर दूर सारणारी ही संस्था होती. हचिन्स गेल्यानंतर पटसंख्या इतकी रोडावली की महाविद्यालयाच्या भवितव्याचीच चिंता पडली. विद्यापीठाचे इतिहासकार आणि महाविद्यालयाचे दीर्घकाळचे अधिष्ठाता जॉन बॉयर यांच्या २०१५ सालच्या ग्रंथात या कालखंडाचे वर्णन आले आहे. मात्र त्या काळातही त्या महाविद्यालयाच्या बौद्धिक दर्जाविषयी कोणी शंका घेतली नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९९३ सालचा ७७ हा आकडा वाचला पाहिजे. तो निवडीचा अभाव दाखवीत नाही. निवड अन्यत्र होत होती, एवढेच तो दाखवितो. शिकागोचा अर्ज त्या काळी इतर विद्यापीठांपेक्षा वेगळा होता आणि त्याला नावही 'असामान्य अर्ज' अशा अर्थाचे दिलेले होते. अर्जातील निबंधाचे विषय विक्षिप्त असत, आणि त्यांतील अनेक विद्यार्थ्यांनीच सुचविलेले असत. बुधवारविषयी आपणास काय वाटते, असा एक प्रश्न पुढे प्रसिद्धी पावला. असल्या प्रश्नावर दोन-तीन पाने लिहिण्याची ज्याला हौस नसे, तो अर्जाच्या वाटेसच जात नसे. म्हणजे निवडीचे पहिले आणि महत्त्वाचे काम प्रवेशकचेरीत होण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या टेबलावरच उरकलेले असे. उरलेल्या अर्जदारांपैकी बहुतेकांना प्रवेश मिळाला, यात नवल ते काय?

हे चित्र पालटण्यास आरंभ झाला तो पैशाच्या निकडीतून. १९९० नंतरच्या दशकात विद्यापीठ आर्थिक ओढाताणीत होते. अध्यक्ष ह्यूगो सॉनेनशाइन यांनी १९९६ च्या सुमारास महाविद्यालयाची पटसंख्या साडेतीन हजारांवरून दहा वर्षांत साडेचार हजारांवर नेण्याची योजना पुढे मांडली. त्याच सुमारास सर्वांना सक्तीचा असलेला सामान्य अभ्यासक्रम आटोपशीर करण्याचाही निर्णय झाला. अध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांच्यात मोठा गहजब उडाला. १९९९ साली सॉनेनशाइन यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. व्यक्ती गेली, योजना राहिली. आज ते महाविद्यालय सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आहे. प्रवेशप्रमाणाच्या चर्चेत ही गोष्ट हटकून विसरली जाते. ज्या काळात दार अरुंद झाल्याची हाकाटी झाली, त्याच काळात आतील जागा दुप्पट झाल्या.

दुसरे वळण २००८ सालचे. अनेक महाविद्यालयांना एकच छापील नमुना चालावा म्हणून १९७५ साली पंधरा खाजगी महाविद्यालयांनी 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाचा समाईक अर्ज सुरू केला होता. त्यापासून दूर राहिलेल्या शिकागोने तो २००८ च्या हंगामापासून स्वीकारला. विद्यार्थ्यांतून याला विरोध झाला, आणि तो केवळ भावनिक होता असे म्हणता येत नाही. विक्षिप्त निबंध जोडपत्राच्या रूपाने शिल्लक राहिले हे खरे. परंतु वीस ठिकाणी पाठविता येणाऱ्या अर्जाला एक जोडपत्र लावणे आणि एका संस्थेसाठी अर्जाचा पहिला शब्दही नव्याने लिहिणे, या दोन कृतींमागील मनोवृत्ती एक नव्हे. २००९ साली थिओडोर ओनील यांच्यानंतर जेम्स नॉनडॉर्फ यांच्याकडे प्रवेशविभाग आला, आणि टपालाने व संगणकाद्वारे पाठविल्या जाणाऱ्या निमंत्रणपत्रांचा ओघ वाढला. २०१० साली अर्ज एका वर्षात सुमारे चार-दशांशाने वाढले. २०१३ साली ते तीस हजारांच्या वर गेले. पुढे २०१८ साली प्रवेशपरीक्षेचे गुण कळविण्याची सक्तीही काढून टाकण्यात आली.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. २००६ सालचे आकडे स्थूलमानाने असे : अर्ज साडेनऊ हजार, प्रवेश देऊ केलेले छत्तीसशे, प्रत्यक्ष दाखल झालेले साडेबाराशे. २०२२ सालचे असे : अर्ज साडेसदतीस हजार, देऊ केलेले दोन हजारांहून किंचित अधिक, दाखल झालेले सतराशेच्या वर. शेकडा प्रमाण ३८ वरून साडेपाचाच्या जवळ आले, म्हणजे सुमारे एक-सप्तमांश झाले. या सातपटीची फोड केली असता दोन अवयव हाती लागतात. छेद सुमारे चौपट झाला आणि अंश पावणेदोन पटींनी घटला. चार गुणिले पावणेदोन बरोबर सात.

छेदाची वाढ कशी झाली हे वर आलेच आहे. अंश का घटला हे अधिक उद्बोधक आहे. जागा कमी झाल्या म्हणून तो घटला नाही. जागा तर एक-तृतीयांशाहून अधिक वाढल्या. घटली ती वाया जाणारी निमंत्रणे. २००६ साली शंभरांना प्रवेश देऊ केला तर पस्तीस जण येत, उरलेले पासष्ट अन्यत्र जात; म्हणून वर्ग भरावयास जागांच्या जवळजवळ तिप्पट नावे काढावी लागत. २०२२ साली शंभरांपैकी पंचाऐंशीच्या आसपास दाखल झाले. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता शेकडा प्रमाणापेक्षा दर जागेमागील अर्जांची संख्या अधिक बोलकी ठरते. ती साडेसातांवरून बावीसांच्या घरात गेली, म्हणजे तिपटीच्या जवळपास. सातपट दिसणारी चुरस मुळात तिप्पट आहे, आणि या तिपटीतही एकाच विद्यार्थ्याने अनेक ठिकाणी केलेल्या अर्जांची भर मोठी आहे. दहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक अर्ज करावयाच्या ऐवजी प्रत्येकी दहा अर्ज केले, तर दहाही महाविद्यालयांची प्रवेशप्रमाणे कोसळतील. जागा तितक्याच, विद्यार्थी तितकेच, आणि कोणी उपाशीही राहणार नाही. फक्त सर्वांना आपण फार कठीण चढ चढून आलो असे वाटेल.

कॅरोलाइन हॉक्सबी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. गेल्या अर्धशतकात अमेरिकेतील महाविद्यालये सरसकट अधिक निवडक झाली, हा समज त्यांनी खोडून काढला. त्यांच्या मते अधिक निवडक झालेली महाविद्यालये वरच्या एक-दशांशातील आहेत. उरलेल्या बहुसंख्य ठिकाणी प्रवेश पूर्वीपेक्षा सुलभ झाला आहे. प्रवास आणि दूरसंपर्क स्वस्त झाल्यामुळे विद्यार्थी जवळच्या महाविद्यालयास चिकटून राहीनासे झाले व आपल्या गुणवत्तेला साजेल अशी संस्था देशभर शोधू लागले, ही त्यांची कारणमीमांसा. शिकागोच्या वाढलेल्या अर्जांतील एक भाग या स्वाभाविक हालचालीचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९३ ते २००५ या काळात, समाईक अर्ज येण्यापूर्वीच, प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्याचे सर्व खापर जाहिरातीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा मोहही टाळला पाहिजे. विद्यार्थ्याच्या टेबलावर होणारी निवड दिसावयास उदात्त. परंतु ज्याच्या शाळेत शिकागोचे नावच कोणी काढले नाही, त्याने कोणती निवड केली? स्वतःहून दूर राहणारा आणि कोणी बोलावलेच नाही म्हणून दूर राहिलेला, हे दोघेही ७७ च्या आकड्यात सारखेच अदृश्य होते. निमंत्रणाचा परीघ वाढविणे, गरजूंचे अर्जशुल्क माफ करणे, मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना शिक्षणशुल्काची हमी देणे, या गोष्टी छेद फुगवितात म्हणून निंद्य ठरत नाहीत. निंद्य ठरते ते ज्याला घेण्याची तिळमात्र शक्यता नाही अशालाही आर्जवाचे पत्र धाडणे. हे कोठे थांबते आणि ते कोठे सुरू होते, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि आकड्यातून तर मुळीच नाही.

अंशाच्या बाबतीत मात्र मतभेदास कमी जागा आहे. २०१६ साली शिकागोने बंधनकारक पूर्वप्रवेशाची पद्धत सुरू केली. नोव्हेंबरात, अथवा दुसऱ्या फेरीत जानेवारीत, विद्यार्थ्याने असे वचन द्यावयाचे की प्रवेश मिळाल्यास तो येथेच दाखल होईल आणि इतर सर्व अर्ज मागे घेईल. दाखल होणाऱ्यांचे प्रमाण त्यापूर्वीच साठांच्या पुढे गेले होते. या पद्धतीनंतर ते ऐंशींच्या वर चढले. विद्यापीठाला याचा लाभ उघड आहे : जागा निश्चित भरतात, निमंत्रणे कमी काढावी लागतात, प्रमाण आणखी उतरते. विद्यार्थ्याला मात्र दोन-चार संस्थांनी देऊ केलेले आर्थिक साहाय्य शेजारी-शेजारी मांडून पाहण्याचा हक्क सोडावा लागतो. साहाय्य अपुरे ठरल्यास वचनातून मुक्त होता येते असा नियम आहे. परंतु तुलना करावयास दुसरे पत्रच हाती नसता अपुरे कशास म्हणावे? ज्याच्या घरी शुल्काची चिंता नाही त्याला हे वचन फुकट पडते; ज्याच्या घरी ती आहे त्याला ते महाग पडते. वरच्या गणितातील पावणेदोन पटीपैकी जो भाग या वचनातून आला, तो गुणवत्तेच्या खात्यावर जमा करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

या आकड्याचा मोह विद्यापीठांना का पडावा, याचे उत्तर बहुधा 'यू. एस. न्यूज' नियतकालिकाने १९८३ पासून चालविलेल्या क्रमवारीत शोधले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या क्रमवारीच्या सूत्रात प्रवेशप्रमाणाचा वाटा शेकडा सव्वाएवढाच होता, आणि २०१८ साली तोही काढून टाकण्यात आला. तरीही अर्ज मिळविण्याची धडपड थांबली नाही. सूत्रातून गेलेला आकडा लोकांच्या बोलण्यातून गेला नव्हता, हेच त्याचे कारण.

त्याच २०१८ साली स्टॅनफर्डने आपले प्रवेशप्रमाण समारंभपूर्वक जाहीर करण्याची प्रथा बंद केली. नंतर इतरांनीही तो मार्ग धरला. या मौनाचे स्वागत झाले, परंतु त्याने अभ्यासकाचे काम सुकर झाले असे नाही. खरी उणीव एक आकडा जाहीर होण्यात नव्हती. तो एकच जाहीर होतो यात होती. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनी २०२३ साली शिकागोसह बारा अतिनिवडक खाजगी विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील गुण समान असताही सर्वाधिक उत्पन्नाच्या शेकडा एक कुटुंबांतील मुलांना मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रवेशाची शक्यता असते, असे त्यांना आढळले. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना दिले जाणारे झुकते माप, क्रीडापटूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यांकन ही त्याची तीन कारणे त्यांनी दाखविली. म्हणजे साडेपाच हा आकडा एका रांगेचा नसून अनेक रांगांची सरासरी आहे. पुण्या-मुंबईचा जो विद्यार्थी तो पाहून आपली संधी अजमावतो, तो आपण ज्या रांगेत उभा नाही तिची लांबी मोजत असतो. अर्ज, देऊ केलेले प्रवेश आणि दाखल झालेले विद्यार्थी यांच्या वार्षिक संख्या संघराज्य शासनाकडे नोंदविल्या जातात व उशिराने का होईना पाहावयास मिळतात. वर केलेली फोड कोणत्याही विद्यापीठाच्या बाबतीत त्यांवरून करता येते. पूर्वप्रवेशाच्या वचनावर किती जागा भरल्या आणि त्यांपैकी किती विद्यार्थ्यांनी साहाय्य घेतले, हे रकाने भरले जात नाहीत तोवर अंशाची उरलेली फोड मात्र अपुरीच राहील.